श्रद्धावंताने शास्त्र वाचू नये काय?

गेल्या हिवाळ्यात काही घरगुती कामानिमित्त आम्हांला भोपाळास जाण्याचा योग आला. उतरलो होतो अरेरा कॉलनीत, एका स्नेह्यांच्या घरी. नोकरीनिमित्त मध्य प्रदेशात गेलेली आणि तिकडचीच होऊन राहिलेली मराठी कुटुंबे त्या भागात पुष्कळ आहेत. घरात मराठी, बाजारात हिंदी, देवघरात संस्कृत असा त्यांचा त्रिभाषी संसार चालतो. सायंकाळी यजमानांबरोबर बिट्टन मार्केटमध्ये भाजी आणावयास गेलो. मटार आणि मेथीच्या राशी पाहून मुंबई-गोव्याकडच्या माणसाचा जीव हरखून जावा असाच तो बाजार आहे. खरेदी झाल्यावर एका चहाच्या टपरीपाशी आमच्या यजमानांचे नित्याचे मंडळ जमले. त्यात दोघे सेवानिवृत्त अधिकारी होते, एक प्राध्यापक होते, आणि यजमानांच्या चिरंजीवांचा एक मित्रही होता. हा तरुण मुसलमान, कायद्याचा पदवीधर. निकाहनाम्यात घालावयाच्या अटी या विषयावर तो प्रबंध लिहीत होता. विवाहाच्या करारातच पत्नीला घटस्फोटाचा अधिकार सोपवून ठेवण्याची जी ‘तलाक-ए-तफवीज’ नामक जुनी तरतूद इस्लामी धर्मशास्त्रात आहे, तिच्याविषयी तो मोठ्या आस्थेने बोलत होता. बोलता बोलता मगरिबच्या नमाजाची वेळ झाली. ‘काका, दहा मिनिटांत येतो,’ असे यजमानांना सांगून तो उठून गेला.

तो गेल्याबरोबर मंडळातील एक वयोवृद्ध गृहस्थ हसून म्हणाले, ‘‘अहो, पाच वेळा नमाज पढणारा मुलगा शरीयतीवर कसले संशोधन करणार? जो मानतो तो तपासत नाही आणि जो तपासतो तो मानत नाही. हा एक तर संशोधन सोडील, नाही तर नमाज सोडील!’’ बाकीच्यांनी माना डोलावल्या. तरुण परत आला तेव्हा विषय बदललेला होता. पण त्याला बहुधा तो अंदाज आला असावा. परतीच्या वाटेवर आमच्याबरोबर चालताना तो शांतपणे म्हणाला, ‘‘आमच्या मोहल्ल्यातले बुजुर्ग म्हणतात, विद्यापीठात जाऊन शरीयत शिकणाऱ्याचा ईमान पातळ होतो. इथे म्हणतात, ईमान असेल तर शरीयत शिकताच येणार नाही. मी बसावे तरी कुठे, आपणच सांगा.’’

आम्ही त्या वेळी काहीच सांगितले नाही. गुळमुळीत दोन शब्द बोललो आणि गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची टोचणी अजून गेलेली नाही, आणि म्हणूनच हा लेखप्रपंच.

‘मुसलमानांच्या घरच्या भांडणाशी या मासिकाच्या वाचकांचा काय संबंध?’ असा प्रश्न काही वाचक करतील. आमचे उत्तर असे की त्या टपरीवर जे विधान झाले ते मुसलमानाविषयी नव्हतेच. ते श्रद्धावंत माणसाच्या बुद्धीविषयी होते. आणि देवळांच्या छायेत वाढलेल्या आपल्या समाजाने ते विधान खरे मानले तर आपल्याच घराचा पाया आपण खणू लागलो असे होईल. दुसऱ्याच्या अंगणात फेकलेला दगड आपल्याच कौलांवर येऊन पडावा, तसा हा प्रकार आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच वृद्ध गृहस्थांनी आम्हांला फराळास बोलावले. मोठे सज्जन माणूस. पहाटे उठून रुद्र म्हणणारे, आतिथ्यात काही उणे पडू न देणारे. त्यांच्या दिवाणखान्यातील कपाटात महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड ओळीने लावलेले होते, आणि ‘आमच्याकडे काणे आहेत’ असे त्यांनी अभिमानाने दाखविलेही. आम्हांला आदल्या दिवशीचे वाक्य आठवले. काण्यांनी तपासले नव्हते काय? आणि काण्यांनी मानणे सोडले होते काय?

चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे परिसरात १८८० साली जन्मलेल्या या वैदिक घराण्यातील ब्राह्मणाने १९३० पासून १९६२ पर्यंत पाच खंड लिहून पुरे केले. साडेसहा हजारांच्या घरात जाणारी ती पृष्ठसंख्या केवळ पाहिली तरी छाती दडपते. त्या पानांत त्यांनी काय झाकले? मधुपर्कात प्राचीन काळी काय वाढले जात असे तेही लिहिले, नियोगही लिहिला, स्त्रियांचे अधिकार कोणत्या शतकात वाढले आणि कोणत्या शतकात आकसले हेही लिहिले. एका स्मृतीचे वचन दुसरीशी जुळत नसेल तर ते जुळत नाही असे स्वच्छ सांगितले. या सर्व लेखनानंतरही ते सश्रद्ध हिंदू म्हणूनच जगले, आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले तेव्हा आपल्या समाजाने घरोघर आनंद केला. ‘नित्यकर्म करणारा माणूस स्मृतींवर कसले संशोधन करणार?’ असे विचारण्याचे आपल्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही. तेव्हा जो निकष काण्यांना लावला नाही तो त्या भोपाळच्या मुलाला का लावावा, याचे उत्तर आमच्या त्या गृहस्थांनी द्यावयास हवे होते. त्यांना ते विचारण्याचे धैर्य आम्हांला फराळाच्या पाटावरही झाले नाही, हेही येथेच कबूल करतो.

कोणी म्हणेल, काण्यांसारखा माणूस त्या समाजात झाला असेल तर दाखवा. दाखवितो, आणि त्यासाठी मुंबईबाहेर जाण्याचेही कारण नाही.

आसफ अली असगर फैझी यांचा जन्म १८९९ साली माथेरानला झाला. बोहऱ्यांतील सुलेमानी शाखेचे, तय्यबजींच्या नात्यागोत्यातील हे घराणे. केंब्रिजला अरबी-फारसीचे अध्ययन आणि बॅरिस्टरी करून ते मुंबईस परतले. ज्या सरकारी विधी महाविद्यालयात काण्यांनी पूर्वी काही वर्षे अध्यापन केले होते, त्याच महाविद्यालयाचे फैझी १९३८ ते १९४७ या काळात प्राचार्य होते. पुढे इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, लोकसेवा आयोगाचे सदस्य, काश्मीरच्या विद्यापीठाचे कुलगुरू अशी पदे त्यांनी भूषविली. मुसलमानी कायद्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून या देशातील वकिलांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हाती तो आहे.

पण आमच्या मते त्यांचे खरे तपश्चर्येचे कार्य दुसरेच आहे. फातिमी खलिफांच्या राजवटीत दहाव्या शतकात काझी नुअमान या पंडिताने ‘दआइमुल इस्लाम’ नावाचा विधिग्रंथ रचला. बोहरा समाजाचा हा मूळ धर्मनियमांचा ग्रंथ. परंतु शतकानुशतके तो हस्तलिखितांच्या पेट्यांत, समाजाच्या बंदिस्त भांडारांत राहिला. बाहेरच्याला तो दिसत नसे, आणि आतल्यालाही परवानगीवाचून वाचता येत नसे. फैझी हे त्या परंपरेतच जन्मलेले. अनेक हस्तलिखिते जुळवून, पाठभेद नोंदवून, त्यांनी त्या ग्रंथाची अरबी संहिता सिद्ध केली. तिचा पहिला भाग १९५१ साली कैरोत छापला गेला आणि दुसरा सुमारे दहा वर्षांनी. आपल्या संग्रहातील इस्माईली हस्तलिखिते त्यांनी मुंबई विद्यापीठाला देऊन टाकली. त्यांची वर्णनात्मक सूची १९६५ साली प्रसिद्ध झाली. त्याच ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरावर ते अखेरपर्यंत काम करीत होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी एका शिष्यतुल्य विद्वानाने ते तपासून पुरे केले. ज्याला आपल्या पूर्वजांच्या ग्रंथावर प्रेम नाही असा मनुष्य एका ग्रंथामागे आयुष्याची चार दशके घालवीत नसतो. भांडारकर संस्थेतील महाभारताच्या संशोधित आवृत्तीचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

फैझींनी श्रद्धा सोडली नाही. मात्र १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका पुस्तकात त्यांनी असे प्रतिपादन केले की धर्म आणि कायदा यांची फारकत केली पाहिजे. ईश्वरनिष्ठा, नीती आणि उपासना हे स्थिर, आणि व्यवहाराचे नियम हे काळाप्रमाणे बदलणारे. उलेमांना हे मत मान्य होणे शक्यच नव्हते. आम्हांलाही ते जसेच्या तसे पटत नाही, हे येथे सांगून टाकतो. धर्म आणि व्यवहार यांच्यामध्ये इतकी सरळ रेघ ओढता येते असे देवळाच्या कारभारात बसलेला कोणीही माणूस म्हणणार नाही. देवाची पूजा धर्म, आणि देवाच्या जमिनीचे उत्पन्न व्यवहार, ठीक. पण त्या उत्पन्नातून पालखी निघावयाची की नाही, आणि निघाली तर मान कोणाचा, हे कोणत्या रकान्यात घालावयाचे? गोव्यातील महाजनांना हा प्रश्न १९३३ च्या माझानी कायद्यापासून ठाऊक आहे. फैझी चुकले असतील. परंतु चुकण्याचा अधिकार श्रद्धावंत पंडितालाही असतो, आणि त्याच्या चुकीचे उत्तर दुसऱ्या पंडिताने ग्रंथ लिहून द्यावयाचे असते.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. हमीद दलवाई यांचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. तेही चिपळूण तालुक्यातीलच, मिरजोळीचे; काण्यांच्या जन्मस्थानापासून हाकेच्या अंतरावरचे. १९६६ साली सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईच्या विधिमंडळावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांच्या धैर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण दलवाई स्वतःला श्रद्धावंत म्हणवीत नव्हते आणि तसे ते लपवीतही नव्हते. त्यांचा मार्ग तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या मार्गाच्या जवळचा. तर्कतीर्थ वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्र शिकले, धर्मकोशाचे प्रचंड काम त्यांनी उभे केले, आणि विचाराने मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पंथाला मिळाले. आपल्या समाजात काणेही झाले आणि तर्कतीर्थही झाले. दोघांनाही आपण पंडित मानतो. मग मुसलमानांमध्ये दलवाई तेवढे खरे आणि फैझी ही अशक्य गोष्ट, हे गणित कोठून आले? आम्हांस असे वाटते की आपल्यातील पुष्कळांना दलवाई आवडतात ते त्यांच्या विचारासाठी नव्हे. ‘पाहा, त्यांच्यातला शहाणा माणूस शेवटी बाहेर पडलाच’ असे म्हणता यावे म्हणून. हा दलवाईंवरही अन्याय आहे.

आता मूळ प्रमेयाकडे वळू. ‘जो मानतो तो तपासत नाही’ हे विधान इस्लामी धर्मशास्त्राच्या बाबतीत इतिहासाला धरून आहे काय?

इस्लामी पंडित शरीयत आणि फिक्ह असे दोन शब्द वापरतात. पहिला ईश्वराने दाखविलेल्या मार्गाचा. दुसरा त्या मार्गाचे माणसाला झालेले आकलन. आकलन माणसाचे असल्यामुळे त्यात मतभेद आलेच. अबू हनीफा, मालिक, शाफिई, इब्न हंबल हे चार इमाम आठव्या-नवव्या शतकांत होऊन गेले. चौघांची मते शेकडो प्रश्नांवर एकमेकांशी जुळत नाहीत आणि तरीही सुन्नी मुसलमान चौघांनाही प्रमाण मानतात. याज्ञवल्क्याच्या एकाच स्मृतीवरून विज्ञानेश्वराची मिताक्षरा निघाली आणि जीमूतवाहनाने वारसाच्या प्रश्नावर भलताच निष्कर्ष काढला. पण बंगाल्यांना अहिंदू कोणी म्हटले नाही. त्यातलाच हा प्रकार.

याचे एक उदाहरण आपल्या किनाऱ्याचेच आहे. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई पंथाचे, आणि भोपाळ, लखनौ, दिल्लीकडचे हनफी. हनफी मताप्रमाणे वयात आलेली मुलगी पालकाच्या संमतीवाचून स्वतःचा निकाह करू शकते; शाफिई मताप्रमाणे वलीवाचून तिचा निकाह होत नाही. १८६४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे असे प्रकरण आले की शाफिई घरात वाढलेल्या मुलीने आपण हनफी मत स्वीकारले आहे असे सांगून बापाच्या संमतीवाचून विवाह केला होता. न्यायालयाने तो विवाह वैध ठरविला. एका पंथातून दुसऱ्या पंथात जाण्याची मुभा शास्त्रातच होती, आणि ती जाणणारा कोणी तरी त्या मुलीच्या बाजूला होता. ज्ञान नसते तर ती मुलगी केवळ बंडखोर ठरली असती.

याहून मोठे उदाहरण १९३० च्या दशकातले. हनफी शास्त्राप्रमाणे नवरा बेपत्ता झाला, छळू लागला किंवा पोसेनासा झाला तरी पत्नीला सुटका मिळविणे जवळजवळ अशक्य होते. पंजाबात काही स्त्रियांनी यावर तोड काढली ती अशी की त्या इस्लाम धर्मच सोडल्याचे जाहीर करीत, म्हणजे विवाह आपोआप तुटे. देवबंदी परंपरेतील मौलाना अशरफ अली थानवी हे काही इंग्रजी शिकलेले सुधारक नव्हते, कर्मठांतले कर्मठ. त्यांनी मालिकी पंथाच्या पंडितांकडे विचारणा केली, त्यांचे ग्रंथ तपासले आणि ‘अल-हीलतुन्नाजिझा’ हा ग्रंथ लिहून असे दाखवून दिले की संकटाच्या प्रसंगी हनफी मुसलमानाने मालिकी नियमाचा आश्रय घेतला तर तो अधर्म होत नाही. त्या पायावर १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा उभा राहिला, आणि तो आजही लागू आहे. किती स्त्रियांची त्यातून सुटका झाली याची गणती कोणी करावी? हे काम नास्तिकाच्या हातून झाले नसते. नास्तिकाने सांगितले असते तर ऐकले कोणी असते?

या ज्ञानाचा दुष्काळ पडला की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे, आणि तेथे आपण आणि मुसलमान एकाच नावेत बसलेले आहोत. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने ठरविले की वारसा, विवाह इत्यादी बाबतींत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लावावयाचे. मग इंग्रज न्यायाधीशांसाठी ग्रंथ हवेत. पंडितांकडून संस्कृतात एक संग्रह करविला, त्याचे फारसी केले, आणि फारसीवरून हालहेडने १७७६ साली इंग्रजी केले. त्याचप्रमाणे अरबीतील ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचे प्रथम फारसी करविले आणि फारसीवरून हॅमिल्टनने १७९१ साली इंग्रजी केले. दोन्ही धर्मांची शास्त्रे अशी तिसऱ्याच भाषेच्या दारातून, तिसऱ्या माणसाच्या हातून न्यायालयात शिरली. पुढे १८६४ साली न्यायालयांतील पंडित आणि मौलवींची पदेही रद्द झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी दिनशा फरदुनजी मुल्ला या विद्वान पारशी गृहस्थांनी मुसलमानी कायद्याचेही पाठ्यपुस्तक लिहिले आणि हिंदू कायद्याचेही. आणि कनिष्ठ न्यायालयांत आजही दोन्ही धर्मीयांचा निवाडा बहुधा ‘मुल्ला काय म्हणतो’ यावर होतो. मुल्लांच्या विद्वत्तेविषयी आमचा आक्षेप नाही. पण ज्यांचे शास्त्र त्यांच्यातील अभ्यासक घरी बसले म्हणून तो मान त्यांच्याकडे गेला, हे कसे विसरावे? काण्यांनी नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख १९२६ साली संपादून काढला तो या उणिवेची जाणीव असल्यामुळेच. मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे हिंदूंच्या वारशाचा निवाडा त्या ग्रंथावर होत असे आणि त्याची धड शुद्ध प्रत वकिलापाशी नसे!

भोपाळपासून इंदूर काही तासांच्या वाटेवर आहे. इंदूरच्या शाहबानो बेगमांना दंडाधिकाऱ्याने १९७९ साली महिना २५ रुपये पोटगी ठरवून दिली. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पीठाने ती कायम केली. निकाल न्याय्य होता. परंतु त्या निकालपत्रात न्यायालयाने कुराणातील आयतींचा अर्थही सांगितला, आणि वणवा पेटला तो तेथून. ‘आमच्या ग्रंथाचा अर्थ तुम्ही कोण सांगणार?’ हा आक्रोश अनाठायी होता असे आम्ही म्हणणार नाही. उडुपीच्या अष्टमठांपैकी शिरूर मठाच्या १९५४ च्या निकालापासून आपलेही देवस्थानकारभारी हाच प्रश्न विचारीत आले आहेत. कोणता विधी धर्माचा आवश्यक भाग आणि कोणता नव्हे, हे न्यायमूर्तींनी ठरवावयाचे असेल तर त्यांना शास्त्र सांगणार कोण?

आक्रोश करणाऱ्यांना आमचा प्रश्न एवढाच की मग सांगा ना! शाहबानोंची बाजू मांडणारे दानियाल लतीफी हे बद्रुद्दीन तय्यबजींचे नातू. १९८६ चा कायदा झाला तेव्हा तेच त्याला आव्हान देऊन पुन्हा न्यायालयात गेले, आणि २००१ साली न्यायालयाने त्या कायद्याचा असा अर्थ लावला की इद्दतीच्या मुदतीतच पतीने घटस्फोटितेच्या पुढील आयुष्याचीही न्याय्य तजवीज केली पाहिजे. एकाच बैठकीत तीनदा तलाक उच्चारला तर तो एकच समजावा, हे मत अहले-हदीस पंथाचे उलेमा कितीतरी आधीपासून मांडीत आले होते. त्या पंथाचे एक अग्रणी, नवाब सिद्दीक हसन खान, हे या भोपाळच्याच शाहजहान बेगमांचे पती. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरविला, तेव्हा बहुमतातील एका न्यायमूर्तींचे कारण असे होते की जी गोष्ट कुराणाविरुद्ध आहे ती शरीयत होऊ शकत नाही. ज्या युक्तिवादाने स्त्रियांना न्याय मिळाला त्याचा एक धागा तरी श्रद्धावंतांच्या ग्रंथालयातूनच आलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

विद्यापीठांतून आणखी एक आक्षेप येतो, तोही निकालात काढू. म्हणतात, श्रद्धावंत अभ्यासक निःपक्षपाती राहू शकत नाही. निष्कर्ष त्याच्या मनात आधीच ठरलेला असतो. हा धोका खोटा नाही. आपल्याकडील ‘वेदांत विमाने होती’ असल्या पंडिताईचा अनुभव ज्याला आहे तो हे कसे नाकारील? परंतु अश्रद्धाचाही निष्कर्ष पुष्कळदा आधीच ठरलेला असतो. प्रबंधाची परीक्षा परीक्षकाने त्यातील पुराव्यावर करावी. लेखक सायंकाळी कोठे जाऊन गुडघे टेकतो यावर नव्हे. काण्यांनी मूळ वचन दिले, स्थळ दिले, विरुद्ध वचनही दिले. म्हणून ज्याला काण्यांचा निष्कर्ष मान्य नाही तोही काण्यांच्याच खंडातून त्यांच्याविरुद्ध पुरावा काढू शकतो. फैझींच्या पाठभेदांच्या टिपांचेही तसेच.

आणि मोहल्ल्यातील बुजुर्गांना काय सांगावे? ते आम्ही सांगण्याचा अधिकार नाही; ते त्यांच्यातल्यांनीच सांगावे. मात्र आपल्या बुजुर्गांना सांगण्याचा अधिकार आहे, आणि तेथे आमचा रोख आहे. गोव्यातील वाचकांपैकी काहींना वाटेल की मुसलमानी शास्त्राचा प्रश्न आपल्या प्रदेशात नाहीच, कारण तेथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा सर्वांना एकच. त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते की त्याच पोर्तुगीज सरकारने १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या चालीरीतींची एक संहिता केली, ती पोर्तुगीज भाषेत, आणि तीत विशिष्ट परिस्थितीत हिंदू पतीला पहिली पत्नी हयात असता दुसरी करण्याची मुभा ठेवली. ती मुभा कोणत्या शास्त्रवचनाच्या आधाराने आली, आणि ते वचन तसेच होते काय, याचा सश्रद्ध आणि चोख अभ्यास आपल्या देवस्थानांच्या आश्रयाने किती जणांनी केला? देवळांना नवे सभामंडप झाले, सुवर्णकलश चढले, संगमरवर बसला. एखाद्या तरुणाला ‘तू आपले शास्त्र आणि शेजाऱ्याचेही शास्त्र मुळातून शीक, पाच वर्षे तुझा खर्च देवस्थान करील’ असे म्हणणारे महाजन आम्हांला अद्याप भेटावयाचे आहेत. भेटल्यास त्यांचे नाव आम्ही आनंदाने या पृष्ठांवर छापू.

निघण्याच्या आदल्या सायंकाळी आम्ही मुद्दाम पुन्हा बिट्टन मार्केटला गेलो. तो तरुण टपरीवर होता. मंडळ अजून जमावयाचे होते. आम्ही त्याला विचारले की हिंदू विवाह हा संस्कार आणि निकाह हा करार असे जे सरसकट म्हटले जाते, त्याविषयी त्याच्या प्रबंधात काही आहे काय. तो म्हणाला, त्यावरच त्याचे एक प्रकरण अडले आहे; स्त्रीधनाविषयी मयूखकारांचे मत नेमके काय, हे त्याला इंग्रजी पुस्तकांतून नीट कळेना, आणि महर आणि स्त्रीधन यांची तुलना करावयाची तर ते कळल्याशिवाय लिहिणे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटते. संस्कृत येते काय, असे विचारता तो ओशाळून म्हणाला, ‘‘शिकायला सुरुवात केली आहे. अरबीपेक्षा विभक्ती जास्त आहेत.’’

इतक्यात ते वृद्ध गृहस्थ मेथीची जुडी हातात घेऊन आले. आम्ही त्यांच्यादेखतच त्या मुलाला सांगितले की काण्यांचा स्त्रीधनावरील भाग या काकांच्या कपाटात, तिसऱ्या खंडात आहे. गृहस्थ क्षणभर थांबले. मग जुडी पिशवीत टाकीत त्याला म्हणाले, ‘‘रविवारी सकाळी ये. दहानंतर ये, तोवर माझी पूजा चालते.’’